मोठा नारळ

करावे गावातल्या देवळाबाहेर नारळवाल्यापाशी रांग होती. गोवर्धन गुरुजींच्या पुढेच दमयंतीबाई आणि त्यांची नात मनस्वी.

"आजी, बाबांचा फोन आला. युद्धात एक जहाज बुडालं. त्यातल्या माणसांना शोधायला बाबांचं जहाज परत फिरलंय."

"फिरनारच."

"अगं, तिथं बॉम्ब पडतायत! त्यांना सांग ना, सरळ घरी या."

"नाय सांगनार. तुजा आजा खाडीत बुडनाऱ्याला गाव इचारत नव्हता. आदी वर खेचायचा."

"पण ती माणसं कुठल्या बाजूची असतील?"

"वर काढू दे, मंग इचार."

"मग नारळ फक्त बाबांच्या नावानं?"

"सगल्यांच्या."

मनस्वीनं हातातला नारळ परत ठेवला.

"काका, हा पुरायचा नाही. मोठा द्या."