अंबुबाईंनी नाव घेतलं

समारंभाचे अध्यक्ष रघुपतीअण्णा, मंचावरच्या डॉक्टर सुप्रीता, ज्यांना निरोप द्यायला आपण बंगळूरच्या बसवनगुडीतल्या या सभागृहात जमलो त्या स्वानंदीताई, आणि इथं आपापल्या माणसाचा हात धरून बसलेले तुम्ही सर्वजण, जयसिंगरावाचा नमस्कार घ्यावा.

ताईंच्या स्मरणवर्गाबद्दल चांगलं बोला, असं अण्णांनी बजावलंय. सरी अण्णा, बरं, प्रयत्न करतो. माझी बायको अंबुबाई दोन वर्षं या वर्गात येते. पहिल्याच दिवशी ताईंनी विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव काय?" हिनं मान खाली घातली. ताई म्हणाल्या, आठवत नाही वाटतं. मी तिथंच उखडलो. अहो, तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला काय ठाऊक? आमच्या जुन्या घरांत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. शिरगणतीवाला दारात आला तरी ही मला पुढं ढकलायची. आणि म्हणे विसरली.

त्यानंतर मात्र तो प्रश्न मला आवडायला लागला. मुलांची नावं गेली, गॅस बंद करणं गेलं, न्हाणीघराची वाट गेली. पण माझा फोटो दाखवला की ही गप्प. मी मनात म्हणायचो, ओळखते हो मला. या वयात माणसाला आणखी काय लागतं?

गेल्या महिन्यात ताईंनी फोटो धरला आणि ही स्वच्छ बोलली, "जयसिंग." वर्गात सगळे मला हाक मारतात, ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, चारचौघांत दुसरं काय करणार? ताईंनी मात्र माझ्याकडं बघितलं आणि फोटो खाली ठेवला.

त्या संध्याकाळी ही म्हणाली, "जयसिंग, तू जा आता. आमच्या ह्यांची यायची वेळ झाली." मी चपला घालून बाहेर पडलो, स्वल्प थांबलो आणि बेल वाजवली. दार उघडून म्हणाली, "ते अजून आले नाहीत." मी जिन्यात बसून रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

स्वानंदीताई, दोष तुमचा नाही. तुमच्यामुळं ती दोन वर्षं हसत इथं आली, हे उपकार फिटायचे नाहीत. फक्त नव्या बाईंना सांगून जा, कुणा आजीनं नवऱ्याचं नाव घेतलं, तर टाळ्यांआधी आजोबांकडं बघा.

निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, कळतं मला. उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. जेवायला थांबत नाही. शेजारच्या अक्कांना तिच्याजवळ बसवून आलोय. ती नवऱ्याची वाट बघत असेल.