पाचच्या आत एक ओळ

हॅलो?… हं, बोल छोटे. हो, बाबांच्याच टेबलाशी बसलेय. कॉम्प्युटर चालू आहे… नाही गं, रडत नाहीये. सर्दी आहे. सांग, कुठे जायचं?

…हो, डोमेनचं, आपल्या साइटच्या नावाचं, खातं उघडलं. त्याचा पासवर्ड वहीत होता. मेलचा नाही ना मिळाला, म्हणून तर हा खटाटोप… हो, मेल कंपनीने कोड पाठवलाय. आज पाचपर्यंतच चालेल. नंतर पुन्हा अर्ज, पुन्हा मृत्यूचा दाखला, पुन्हा तीन आठवडे… नको बाई. इथे कपाटात दुरुस्तीला आलेले एकोणीस मायक्रोस्कोप आहेत. शाळांचे, प्रयोगशाळांचे. बाबांनी नुसते नंबर चिकटवलेत. कुठला कुणाचा, ते सगळं त्या मेलमध्ये… तेच म्हणतेय मी.

थांब, सावकाश. डीएनएस म्हणजे… हं, नोंदवही. साइट कुठे आहे, मेल कुठे पोचवायचा… बरं. आणि टेक्स्ट रेकॉर्ड?… म्हणजे त्यातली नुसती चिठ्ठी? तिच्यात हा कोड लिहायचा? वाचू कुणीही शकतं, पण लावू शकतो फक्त डोमेनचा मालक… हां, म्हणून त्यांना पटतं. एवढं सरळ आहे तर आधी नाही का सांगायचं?

अगं ऐक ना, इथे आधीच एक टेक्स्ट रेकॉर्ड आहे. एसपीएफ की काय… जुना दिसतोय. काढून टाकू?… ओरडू नकोस! नाही काढला. नुसतं विचारलं… अच्छा. या नावाने मेल कोणत्या सर्व्हरने पाठवायचा, ते त्यात लिहिलंय. तो काढला तर आपला मेल लोकांच्या स्पॅममध्ये. राहू दे मग. नवीन वेगळा घालते.

प्रकार, टेक्स्ट. नाव… लिहिलं. खाली कोड… चिकटवला, टाइप नाही केला. सेव्ह.

…‘रेकॉर्ड सापडला नाही.’… हो, थांबते की. तू जेवलीस?… बिस्किटं म्हणजे जेवण नाही… अजून नाही. चार वाजून वीस झाले, छोटे.

…नावात? पूर्ण डोमेन लिहिलं. डॉट कॉमपर्यंत… का? डोमेन ते आपणहून जोडतं?… म्हणजे दोनदा झालं? हसू नकोस. वीस वर्षं ऑफिसात अर्जांच्या खिडकीवर बसतेय मी, अर्धवट नावाचा फॉर्म आला की परत करते. माझ्या हातून अर्धं नाव लिहिलं जाईल का?… बरं, नुसतं ॲटचं चिन्ह. केलं. सेव्ह.

…नाही… अजून नाही… तू बोलू नकोस जरा.

…झालं! हिरवं आलं! ‘मालकी सिद्ध झाली.’ चार एकेचाळीस!… हो, नवीन पासवर्ड मागतंय… दिला… उघडतंय.

उघडलं गं. तीनशे बारा न वाचलेले. थांब, ‘मायक्रोस्कोप’ शोधते… आहेत, सगळ्यांचे पत्ते आहेत. नंबरांसकट. सुटलो.

…वर एक पट्टी दिसतेय. पिवळी. ‘आपोआप उत्तर चालू आहे.’… बाबांनीच लावलं असणार, दवाखान्यात जाताना… वाचते. ‘एका लहानशा तपासणीसाठी जातो आहे. सोमवारी दुकानात असेन. तोवर लेन्सला हात लावू नये.’

…

हो. सगळ्यांना. अजूनही जातंय, काल दुपारीसुद्धा एक गेलंय… आहेस ना?… एका शाळेच्या बाईंनी तर परत विचारलंय, कोणता सोमवार म्हणून.

…नाही, छोटे. चालू ठेवता नाही येणार ते… अगं, मलाही वाटतं. पण लोक वाट बघताहेत… मीच लिहिते त्यांना. आधी बाईंना.

नको, तू फोन ठेव. तुझं रडणं ऐकत हे ‘बंद करा’चं बटण नाही दाबता येणार मला… हो, झालं की कळवते… ठेव बाई… बरं, मी ठेवते.