पारा चढला नाई म्हणून

माहं माहेर चिमूरकडचं. चौथीपर्यंत शाळा केली, मग बाप म्हणे आता पुरे, पोट्टीले का तहसीलदार व्हाचं आहे, अन् सावलीच्या बाजूले धानाच्या मुलखात लगन करून देलं. नवरा बरा होता, बोलत कमी, खात जास्त. गावात सरकारी दवाखाना होता, म्हणजे काय, दोन खोल्या अन् एक पडवी, तिथी मी आया म्हणून लागली. झाडणं, सुया उकळणं, बाळंतिणीजवळ बसणं. डॉक्टर बाजाराच्या दिवशी येत, बाकी दिवस कंपोंडरभाऊच डॉक्टर. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगतो, नाईतर तुमी म्हणाल बुढी उगाच शिव्या देऊन राह्यली. शिव्या देतो, पण उगाच नाई.

तवा आमच्या जंगलाच्या मुलखात आजार म्हणजे हिवताप. माणूस आडवा झाला की काखेत काचेची नळी ठेवाची, पारा पाहाचा, पोट दाबून डाव्या बाजूची पानथरी सुजली का पाहाची, कुनैनची गोळी द्याची, बस. गोंडाचा असो का पाटलाचा, दुसरं काही कोणाले होतच नसे जसं.

माही जाऊ यमुना, लहान दिराची बायको. लय फटकळ. धान रोवण्याच्या वेळी बाया तिच्या बाजूले उभं राहाले भांडत, कारण गाणं तीच उचले. दुसरी पोट्टी चालाले लागली अन् ही बसली. बसली म्हणजे बसलीच, भिंतीकडे तोंड करून. वेणी नाई, फणी नाई, पोट्टी रडली तरी मान वळवत नाई, घास तोंडात तसाच. मी विचारलं, काय होते वो तुले? तर म्हणे, काहीच होत नाई ना बाई, तेच त होऊन राह्यलं.

सासू म्हणे कामचोर आहे. रोवण्याच्या आत उठली त ठीक, नाईतर हिच्या भावाले बैलबंडी घेऊन बोलावतो, माहेरी नेऊन टाक म्हणतो, पोराले दुसरी पाहतो. अन् पोट्ट्या? पोट्ट्या इथीच राह्यतीन. दवाखान्यानं आजार म्हटलं त ठेवीन, ढोंग म्हटलं त नाई. म्हणजे त्या बाईचं घर, तिच्या पोट्ट्या, सारं कंपोंडरभाऊच्या तोंडावर येऊन टेकलं.

नेली. पारा जिथल्या तिथी. पानथरी नाई. कंपोंडरभाऊ म्हणे, काही नाई हिले. मी म्हटलं, भाऊ, बाई जितेपणी मरून राह्यली, तुमी काही नाई काऊन म्हणता? तर म्हणे, पारा चढला नाई त ताप नाई, ताप नाई त आजार कुठचा? नर्सबाई होती, तिनं विचारलं, नवरा मारते का? नाई. दारू पिते? नाई. घरी धान आहे? आहे. मग कशाचं दुःख आहे गं तुले? जसं दुःखाले नर्सबाईची परवानगी पाहिजे.

मी हटली नाई, तवा त्यानं कुनैन देली, आतला ताप असन म्हणे. चार-आठ दिवसांत यमुना बोलली, बाई, कान वाजून राह्यले. कंपोंडरभाऊ खूश! बोलली, गुण आला! अन् गोळ्या वाढवल्या. काय सांगू तुमाले, कुनैननं कान वाजते हे तोच साऱ्या गावाले सांगे. मग ती ओकाले लागली. मी गोळ्या चुलीत टाकल्या. सासू दवाखान्यात जाऊन विचारून आली, तर कंपोंडरभाऊ तिले म्हणे, बुढे, आजार नाई, धानाच्या बांधीत उतरव, चिखलात पाय पडले की डोकं जाग्यावर येते.

उतरवली. बाया रोवत रोवत मागं सरकल्या, ही रोपाची पेंडी हातात धरून तिथीच. एकीनं म्हटलं, का वो यमुने, बगळा झाली का? साऱ्या हासल्या. अन् ही मटकन खाली चिखलात बसली.

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ बंडी घेऊन आला. तिचं गाठोडं बंडीत पडलं, पोट्ट्या माह्या लुगड्याले धरून. मी जाऊन बैलाची वेसण धरली. सासूले म्हटलं, हिच्या वाट्याचं रोवणं मी करतो, पोट्ट्या मी पाहतो, पण ही गेली त मी बी चालली, मग रांध तू एकटी दोघा पोरायले. सासूनं तोंड सोडलं. माहा नवरा, जो कधी बोलला नाई, तिच्या भावाले म्हणे, बंडी सोड. भावानं बैल सोडले.

दिवाळीनंतर कधी तरी यमुनेनं आपल्या पोट्टीचे केस विंचरले. झालं. कंपोंडरभाऊ गावभर सांगे, पाहा, आतला ताप निघाला! मी काय करू, कपाळ फोडू?

पुन्हा बसे, पुन्हा उठे, असंच चाललं. दोघीचे नवरे गेले, पोट्ट्या नांदून राह्यल्या, ती इथीच आहे आपल्या घरात. ती पाहा, पडवीत. आज तिचा तसाच दिवस आहे. चहा देला, घेतला नाई. देईन थोड्या वेळानं पुन्हा. दवाखान्यात बसणाऱ्या साऱ्यायले देव उदंड आयुष्य देवो, अन् त्यातली एक दुपार तिच्यासारखी देवो. जास्त नाई, एकच.