हिरानं एकटीनं वाचलेला शेवट

बसा गं सगळ्या. बसा दादांनो. हिरा गेली म्हणून आज मासळी बाजार बंद ठेवून तुम्ही इथं जमलात. हिराच्या मुलानं, किसननं, मला बोलायला सांगितलंय. मला जमेल की नाही, ठाऊक नाही. आणि खरं सांगते, राग आलाय. हिराचाच राग आलाय.

मी शैला. बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते. वीसेक वर्षांपूर्वी याच ओट्यावर हिरानं मला सुके बोंबील पुस्तकाच्या पानात बांधून दिले. घरी पान उलगडलं, तर दोन चंद्र असलेल्या गावातला बाजार! दुसऱ्या दिवशी धावत आले. बाई, बाकीचं पुस्तक कुठाय? म्हणाली, "हाय ना. रद्दीतून आणलेलं. सुरवात बोंबलांत गेली, शेवट मी राखलाय. वाचशील?"

अशी आमची मैत्री. जुन्या विज्ञानकथा, अद्भुतकथा, परग्रह, राक्षस, काळात मागं जाणारी यंत्रं, सगळं तिच्या पाटीशेजारी. आणि माणूस बघून पुस्तक द्यायची. मासवणच्या नर्सबाईंना म्हणाली, "ही घ्या, मरण नसलेल्या राणीची. तुमाला कळल तिचं दुख." आमच्या कारखान्यातल्या एका कामगाराला मराठी वाचता येईना, तर कोयता हातात धरून अख्खी गोष्ट हिंदीत सांगितली. तो पापलेट न घेताच गेला. हसताय ना? तुम्हालाही दिलीच असणार. आणि वाचलं नाहीत तर तोंडावर विचारलंही असणार.

पण आमचा दोघींचा एक नियम होता. शेवटचं प्रकरण एकटीनं वाचायचं नाही. पावसाळ्यात मासेमारी थांबली, बोटी वर ओढल्या, ओटे रिकामे झाले, की दोघींनी इथं बसून मोठ्यानं वाचायचं. तोवर हिरा ती पानं जाळ्याच्या दोऱ्यानं शिवून टाकायची. नियम तिचा. दोरा तिचा. मी उसवायला गेले, तर हातावर चापट मारायची.

परवा किसननं तिची पुस्तकं माझ्या हवाली केली. सगळ्यात वर यंदाचं पुस्तक. ताऱ्यांपलीकडे निघालेल्या गलबतांचं. बघते तर काय, दोरा कापलेला! शेवटच्या पानाला खवला चिकटलेला.

हिरा, तू वाचलंस? माझ्याशिवाय वाचलंस?

किसन मान खाली घालून म्हणाला, "मावशी, आयला तिच्या दुखण्याचं दिवाळीपासून ठाव होतं. तुमाला सांगू नको म्हणाली." दिवाळीपासून! रोज मला हलवा मासा कापून देत होती. रोज माझी थट्टा करत होती. आणि एवढं मोठं दुखणं माझ्यापासून लपवलं. ही कसली गं मैत्री?

मग आठवलं. थंडीत एकदा म्हणाली होती, "शैला, औंदा लवकर वाचूया काय? कापू दोरा?" आणि मी काय म्हणाले? "बोटी पाण्यात आहेत अजून. नियम तुझाच ना?" मला वाटलं, माझी परीक्षा बघतेय. ती म्हणाली, "बरं बाय," आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

अगं, कारण सांगायचंस ना! एक शब्द बोलली असतीस, तर इथंच, माशांच्या पाण्यात बसून वाचलं असतं मी. नियम गेला असता खड्ड्यात. तू विचारलंस, पण खरं नाही सांगितलंस. मला ‘नाही’ म्हणू दिलंस. ही फसवणूक मी विसरणार नाही.

दोरा मी परत घातलाय. माझे टाके तिच्यासारखे नाहीत, वाकडे आहेत. बोटी वर आल्या की याच ओट्यावर मोठ्यानं वाचणार आहे. ज्यांना ऐकायचंय त्यांनी या.

चला, सगळे उभे राहा. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. आणि हिरा, तूसुद्धा गप्प राहा. मला शेवट सांगू नकोस.