ऐलीची हाक

फिनलंडमधल्या कुओपिओच्या सरकारी दवाखान्यात आर्वो आपल्या नंबरची वाट पाहत पुस्तक उघडून बसला होता, पण पान उलटत नव्हतं. अर्धवट उघड्या दारातून नर्सचं आणि एका म्हाताऱ्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"तैस्तोकाका, रक्तात लिथियम वाढलंय. गोळ्या जास्त घेतल्यात?"

"मोजून घेतो. त्यांच्यामुळेच तर मन थाऱ्यावर आहे."

"मग हात का थरथरताहेत? शनिवारी सौनाच्या गरम वाफेत किती वेळ बसता?"

"दोन तास."

"अहो काका! इतका घाम गेला की औषध अंगात साचतं. आजची गोळी डॉक्टरांनी थांबवलीय."

"सौना बंद कर म्हणालीस, तर गोळ्याच सोडीन, पोरी."

"बंद कोण म्हणतंय? पण पूर्वीही दोन तास बसायचात?"

"छे! वीस मिनिटं झाली की ऐली दार वाजवायची. 'ऊठ रे म्हाताऱ्या, शिजशील!' आता बायकोच राहिली नाही, कोण उठवणार?"

"मी फोन करीन. बरोबर वीस मिनिटांनी."

"वाफेनं बिघडेल की तो."

"म्हणून बाहेर ठेवायचा. उचलायला उठावंच लागेल. मग दोन पेले पाणी प्यायचं, मला ऐकू येईल असं."

"आणि तू काय म्हणणार?"

"ऊठ रे म्हाताऱ्या, शिजशील."

"ती जरा मोठ्यानं म्हणायची."

"बरं. मोठ्यानं म्हणेन."