चाळणीवर राहिलेले खडे

धाकटा : खोटं लिहिलंय त्यांनी. चूक नाही, नजरचूक नाही, धडधडीत खोटं! वर बसलेल्यांनी कागदावर डोंगर सपाट केला आणि आता त्याच डोंगरावरून मला ढकलताहेत.

अक्का : हळू बोल. ही प्रयोगशाळा आहे, तुझी जंगलातली चौकी नाही. भिंतीपलीकडे साहेब डबा खातायत.

धाकटा : खाऊ देत. हा अहवाल वाच. शिक्का तुमच्याच प्रयोगशाळेचा ना?

अक्का : आमचाच. "उत्तर उतार, नमुने सोळा. माती खोल, मऊ, ओल धरून ठेवणारी. खड्यांचे प्रमाण नगण्य. रोपलागवडीस योग्य." मग?

धाकटा : मग काय मग! अक्का, त्या सोळा पिशव्या मी भरल्यात. मी पाठीवरून खाली आणल्यात. पहार मारावी तर दर घावाला ठिणगी. वीतभर खाली गेलं की माती कमी न् खडे जास्त, हातभर खाली गेलं की नुसता कातळ. नगण्य म्हणे! माझ्या पाठीला विचार नगण्य कशाला म्हणतात ते.

अक्का : चौकशी कधी आहे?

धाकटा : शुक्रवारी. नऊ हजार रोपं मेली. त्यांचं म्हणणं सरळ आहे. माती उत्तम, रोपं उत्तम, म्हणजे वनरक्षकानं पाणी घातलं नाही. कबुलीवर सही केली तर लांब कुठंतरी बदली. नाही केली तर घरी बसा.

अक्का : घातलं होतंस ना?

धाकटा : काय?

अक्का : पाणी.

धाकटा : तूसुद्धा?

अक्का : शुक्रवारी ते हेच विचारणार. तेव्हा तुझं तोंड असंच होणार आहे का, ते बघतेय.

धाकटा : घातलं. चार महिने, पाठीला कॅन बांधून. पण ओतलेलं पाणी खड्ड्यात थांबेल तर शपथ. घटघट करत खाली जायचं आणि वीस पावलं खालच्या पायवाटेवर ओल उमटायची. रोपांना नाही, पायवाटेला पाणी घातलं असं म्हण हवं तर. तिच्यावर गवत कसं माजलंय, येऊन बघ.

अक्का : बरं.

धाकटा : बरं नाही. आता माझी पाळी. पिशव्या इथं आल्यावर कुणाच्या हातात गेल्या?

अक्का : माझ्या. सव्वीस वर्षं इथं माती माझ्याच हातून जाते. पत्र्याच्या ताटात पसरते, वाळवते, लाकडी मोगरीनं ढेकळं फोडते, चाळते. चाळणीखाली पडते तिची तपासणी होते.

धाकटा : आणि चाळणीवर राहतं ते?

अक्का : खडे. ते टाकायचे.

धाकटा : कुठं?

अक्का : मागच्या नळाशी. तिथं चिखल फार होतो.

धाकटा : शाब्बास! म्हणजे डोंगरातून डोंगर काढून टाकायचा आणि उरलेल्याला विचारायचं, बाई गं, तू मऊ आहेस का? लहानपणी पीठ चाळायचीस तेव्हाही कोंडा माझ्याच वाट्याला यायचा.

अक्का : चाळायचं असतंच. खडे टाकण्याआधी तोलायचे असतात, शंभरात किती ते लिहायचं असतं. मग त्या हिशेबानं माती किती खोल, पाणी किती धरेल, ते ठरतं.

धाकटा : तोललेस?

अक्का : नवीन छापील तक्ते आलेत दोन वर्षांपूर्वी. त्यात खड्यांचा रकानाच नाही.

धाकटा : मी रकाना नाही विचारला. तोललेस?

अक्का : नाही.

धाकटा : अक्का!

अक्का : साहेबांना विचारलं होतं मी. म्हणाले, नसलेल्या रकान्यासाठी काटा कशाला झिजवताय? पहिले दोन महिने तरी तोलत राहिले, समासात लिहीत राहिले. कुणी वाचेना. मग सोडलं.

धाकटा : सोडलं. किती सोपं! तू हात झटकलेस आणि मी नोकरी घालवून बसतोय. का तुलाही वरून कुणी सांगितलं होतं? खरं सांग. भाऊ आहे म्हणून नको, माणूस आहे म्हणून सांग.

अक्का : कानाखाली वाजवीन. चुकले ते कबूल करतेय ना? पण विकली गेले म्हणायची हिंमत करू नकोस.

धाकटा : मग मला नळापाशी ने. माझ्या उतारावरचे खडे मी अंधारातही ओळखीन. तांबूस, धारदार, हाताला कापणारे. नदीच्या गोट्यासारखे गुळगुळीत नाहीत. ते वाहून आलेले नाहीत ना, तिथंच कातळाचे तुटलेत.

अक्का : आणि चौकशीवाले म्हणतील, कुठल्यातरी उकिरड्यावरचे उचलून आणलेत. कित्येक वर्षांचे सगळ्या डोंगरांचे खडे आहेत तिथं, एकात एक मिसळलेले.

धाकटा : म्हणजे संपलंच की मग.

अक्का : एखाद्या बरणीत दगड भरले आणि वरून माती टाकली, तर बरणीभर माती म्हणशील?

धाकटा : हे मला काय सांगतेस? त्यांना सांग. वर त्यांनी हुकूम काढला, खड्डे खणताना खडे वेचून उताराखाली फेका. फेकले. आधी झुडपं कापा, पाचोळा साफ करा. केला. पहिल्याच जोराच्या पावसात ती मूठमूठ माती खाली गेली. जुनी झाडं तिथं खड्यांच्या जिवावर उभी होती गं. खड्यांच्या फटीतून मुळं खाली जातात, पाचोळ्याखाली ओल राहते. आम्ही त्यांची चादरही ओढली आणि गादीही.

अक्का : इकडे दे तो कागद. पुन्हा बघू दे.

धाकटा : आता काय बघायचंय?

अक्का : तारीख. साहेबांची ही सही कितीची आहे?

धाकटा : चार तारीख.

अक्का : तू पिशव्या दिल्यास कधी?

धाकटा : त्याच महिन्याच्या नऊला. पोचपावती आहे खिशात. मला आठवतं, त्या दिवशी तुमचं गेट बंद होतं आणि मी तासभर पिशव्यांवर बसून होतो.

अक्का : आवक रजिस्टरमध्येही नऊच असणार. थांब, काढते. हं. नऊ. माझंच अक्षर. आणि माती वाळायलाच पाच दिवस लागतात.

धाकटा : म्हणजे?

अक्का : म्हणजे मी तोलले असते तरी काही फरक पडला नसता. मी चाळायच्या आधी, पिशव्या दारात यायच्या आधी अहवाल तयार होता. सोळा पिशव्या मी कुटल्या, धूळ खाल्ली, खोकले. कशासाठी?

धाकटा : अक्का, रडू नकोस.

अक्का : रडत नाहीये. चावी शोधतेय.

धाकटा : कसली?

अक्का : राखीव कपाटाची. प्रत्येक पिशवीतला अर्धा हिस्सा न चाळता वर्षभर ठेवायचा, असा नियम आहे. रकाना गेला, नियम गेलेला नाही. सातवा महिना चालू आहे. ही बघ, तुझी पिशवी. लाखेचा शिक्का शाबूत आहे, चिठ्ठीवर तुझी सही आहे. ठेव काट्यावर.

धाकटा : पाच किलो.

अक्का : ओत चाळणीत. धर दुसऱ्या बाजूनं. जोरात नको, गोल फिरव. आता वर राहिलेले खडे काट्यावर घाल.

धाकटा : तीन किलो दोनशे.

अक्का : लिहून ठेव. आणि साहेब आले तर तारखेबद्दल तू एक शब्द काढायचा नाहीस. ते मी विचारीन.

(दारात साहेब. हातात रुमाल.)

साहेब : बाई, जेवणाच्या सुट्टीत चाळणीचा आवाज? आणि हे कोण?

अक्का : माझा धाकटा भाऊ. उत्तर उताराचा वनरक्षक.

साहेब : अच्छा, ते. हे बघा, आपल्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण चौकशीतल्या माणसानं इथं येणं योग्य नाही. आणि तो राखीव नमुना आपण कुणाला विचारून फोडलात, बाई?

अक्का : नियमावलीत चाळणाऱ्याला परवानगी आहे. शंका आल्यास.

साहेब : कसली शंका?

धाकटा : शंभरात चौसष्ट भाग खडे. तुम्ही लिहिलंत नगण्य.

साहेब : भाऊसाहेब, त्याच उतारावर जंगल आहे ना? मोठाली झाडं आहेत. माती वाईट असती तर ती कशी आली असती?

धाकटा : वाईट कोण म्हणालं? त्या मातीत त्या झाडांनी शंभर वर्षं काढलीत. आम्ही खडे उपसून, पाचोळा झाडून, रोपवाटिकेतल्या मऊ मातीत वाढवलेली रोपं खोचली. उतार तोच होता, माती आम्ही बदलली.

साहेब : ते तुमच्या खात्याचं. आमच्याकडचं सांगतो. यांनी खड्यांचं वजन नोंदवलं नाही. नोंद नाही म्हणजे प्रमाण नगण्य, असाच अर्थ घ्यावा लागतो. चूक असेल तर चाळणाऱ्याची. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय ना, बाई? तरी मी हे ताणणार नाही. पिशवी परत बांधा.

अक्का : म्हणजे माझ्या नोंदी समोर ठेवून तुम्ही अहवाल लिहिलात.

साहेब : अर्थातच. नोंदींशिवाय अहवाल कसा होईल?

अक्का : ऐकलंस ना रे?

धाकटा : ऐकलं.

साहेब : यात ऐकण्यासारखं काय आहे? उलट मीच विचारतो. बहीण-भावानं मिळून हे खडे पिशवीत भरले नाहीत कशावरून?

अक्का : बरोबर. संशय घ्यावाच माणसानं. कपाट उघडं आहे. पंधरा पिशव्या उरल्यात, लाख लावलेल्या. तुम्ही निवडा, तुम्ही फोडा, तुम्ही चाळा. मी हातसुद्धा लावणार नाही.

साहेब : मला वेळ नाही.

अक्का : मग एवढं बघून जा. हे आवक रजिस्टर, पान सत्तेचाळीस. पिशव्या आल्या नऊ तारखेला. ही त्याची पोचपावती. आणि ही तुमची सही.

साहेब : तारीख टाकताना कारकुनाची चूक झाली असेल.

अक्का : तारीख सहीखाली तुम्ही तुमच्या हातानं घातलीय. चारचा आकडा तुम्ही असाच काढता, उघडा ठेवून. सव्वीस वर्षांत मी मातीइतकीच अक्षरंही चाळलीत.

साहेब : बाई, बसून बोलू या. दार लावा.

अक्का : दार उघडंच राहू दे. शुक्रवारी याच्यासोबत मीही जाणार आहे, माझी चूकही तिथं सांगणार आहे. खडे तोलले नाहीत, हे माझं. त्याआधी फक्त एक सांगा. चार तारखेला, साहेब, तुमच्यासमोर कोणती माती होती?