चिमीचा हंडा

“लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासून घ्या,” असं कॉलेजात जीवशास्त्राच्या बाई सांगायच्या, तेव्हा मी वहीत वेलबुट्टी काढत असायचे. एक्क्याण्णव साली पालघरच्या दवाखान्यात मी माझ्या बाळाच्या रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबले होते. शेजारी जिवली, तिचा नवरा मंगळ्या आणि सहा वर्षांची चिमी. चिमीला सिकलसेल असल्याचा कागद त्यांना नुकताच मिळाला होता.

“तुझ्या घरचा आजार हाय ह्यो,” मंगळ्या म्हणाला.

“सिस्टर बोलली, दोघांकडनं आलाय. अर्धा तुझा, अर्धा माझा.”

“मला तं कदी काय दुखला नाय.”

“मला तरी कुटं दुखतं? दोगांचं मिळून हिला दुखतं.”

“मग उद्या वीटभट्टीवर?”

“हिला आयेकडं ठेवू. ऊन नको, तहान नको, बोलली ती.”

“आन धाकट्याला कोन बघल? तू विटा थापशील का त्याला घेशील?”

“मी बघीन त्याला,” चिमी म्हणाली. “पानी पन पीन.”

“बघ, पोरीला अक्कल हाय. तुझ्यावर नाय गेली.”

“हसू नको. पान्याचा हंडा तिच्याजवळच ठेवायचा.”

“ठेवू, ठेवू. चल, मनोरची गाडी जाईल.”

मनोरकडच्या वीटभट्ट्यांवर तुम्ही कधी गेलात, तर चिमीला शोधा; आता ती मोठी बाई झाली असेल. तिच्याजवळ हंडा आहे का आणि त्यात पाणी आहे का, तेवढं बघा.